उताराचा प्लॉट आधी सपाट करून मग मोजावा का?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. प्लॉट डोंगरउतारावर आहे. मोजणीत उतार ३४ टक्के आला आणि स्थानिक नियमात मर्यादा ३० टक्क्यांची आहे. ठेकेदार म्हणतो, आधी जेसीबी लावून जागा सपाट करून घेऊ, मग पुन्हा मोजणी करू, आकडा आपोआप खाली येईल. शेजारचं घर त्याच उतारावर कितीतरी वर्षं उभं आहे, मग आम्हालाच आडकाठी का? आणि भू-तांत्रिक अहवाल, म्हणजे माती-खडकाच्या तपासणीचा अहवाल, करून घेतला तर परवानगी मिळेल का, की तो खर्चही पाण्यात?

पहिलं उत्तर सरळ देतो: मंजुरीआधी जेसीबी लावू नका. एक टोपलं मातीही हलवू नका. बाकीची उत्तरं तुमच्या गावच्या नियमावर, तिथल्या मातीवर, पाण्यावर आणि प्लॉटच्या वर-खाली काय आहे यावर अवलंबून आहेत. नियमाचा मजकूर माझ्यासमोर नाही आणि जमीन मी पाहिलेली नाही, त्यामुळे "होईल" किंवा "होणार नाही" असं मी म्हणणार नाही. पण मी उतारावरच्या जमिनींचे अहवाल लिहितो, आणि काही काळ पलीकडच्या बाजूला बसून असे अहवाल तपासण्याचं कामही केलं आहे. दोन्हीकडून विचार कसा होतो ते सांगतो.

तुमचा खरा प्रश्न ३४ आणि ३० मधल्या चार टक्क्यांचा नाही. या जमिनीवर घर टिकेल का, आणि त्या घरामुळे वरच्या-खालच्या लोकांची जमीन सुटेल का, हा आहे. नियमातला आकडा चाळणीसारखा असतो. त्याखाली असलात तर बहुतेक वेळा साधी तपासणी पुरते, वर गेलात की कोणीतरी जाणकाराने ती जमीन नीट बघावी अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी मात्र ठरावीक उताराच्या वर बांधकामाला सरसकट मनाई असते आणि तिथे अहवालाने काही बदलत नाही. म्हणून तुमच्या नियमात "मनाई" लिहिलं आहे की "विशेष तपासणीशिवाय परवानगी नाही", हे आधी वाचा. तोंडी ऐकलेल्यावर जाऊ नका. ते कलम छापील स्वरूपात मागून घ्या.

आता मोजणी. टक्के आणि अंश यांत लोक सतत गल्लत करतात. ३० टक्के उतार म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर ३० मीटर उंची बदलणं. तो सुमारे १६.७ अंश होतो. ३० अंशांचा उतार म्हणजे जवळजवळ ५८ टक्के. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. गुणोत्तरातही असाच घोळ आहे: कोणी १:२ लिहितो, कोणी २:१, आणि दोघांच्याही मनात एकच उतार असतो, दोन आडवं आणि एक उभं. तुमचा ३४ हा आकडा कुठल्या पद्धतीने आला हे सर्वेक्षकाला विचारा.

सरासरी उतार काढण्याची एक रूढ पद्धत अशी: नकाशावर प्लॉटमध्ये येणाऱ्या सगळ्या कंटूर रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) एकूण लांबी घ्यायची, तिला दोन रेषांमधल्या उंचीच्या फरकाने गुणायचं, प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर एक-एक मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या रेषांची एकूण लांबी ३४० मीटर भरली, तर सरासरी उतार ३४ टक्के. हिशोब सोपा आहे, पण सरासरीत बरंच लपतं. प्लॉटचा वरचा अर्धा भाग १५ टक्के आणि खालचा अर्धा ५३ टक्के असला तरी सरासरी ३४ च येते. अशा प्लॉटवर वरच्या सौम्य भागात घर बसू शकतं, आणि बऱ्याच नियमांत तशी सोयही असते, म्हणजे उतार प्लॉटचा न धरता ज्या भागात प्रत्यक्ष बांधायचं आहे तेवढ्याचा धरतात. उलट सगळा प्लॉट एकसारखा ३४ टक्के असेल तर पळवाट नाही, पण सरासरीत लपलेला तीव्र पट्टाही नाही. माझं मत विचाराल तर कागदावरच्या सरासरीपेक्षा सर्वांत तीव्र पट्टा कुठे आहे हे कळणं जास्त मोलाचं.

ठेकेदाराचा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिलं कारण कायद्याचं. उतार मोजतात तो मूळ, न हलवलेल्या जमिनीचा. जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं असतात, त्यामुळे ताजी कटाई लपत नाही. विनापरवाना खोदाई सापडली की पुढचा अर्ज संशयाच्या नजरेनेच वाचला जातो, आणि कितीतरी ठिकाणी जमीन पूर्ववत करण्याचा आदेश येतो. कापलेला डोंगर पूर्ववत करणं हे घर बांधण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरं कारण जमिनीचं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. उतारावर सपाटी करायची म्हणजे वरच्या बाजूला कापायचं आणि ती माती खालच्या बाजूला ढकलायची. कापलं तिथे वरच्या जमिनीचा पायथाच तुम्ही काढून घेतला. ढकललं तिथे खालच्या उताराच्या माथ्यावर नवं वजन ठेवलं. उताराला धरून ठेवणारी गोष्ट कमी केली आणि खाली ओढणारी वाढवली, दोन्ही एकाच दिवशी. त्यात घराचा अर्धा पाया मूळ टणक जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला की भराव खचतो, मूळ जमीन खचत नाही, आणि भिंतींना नेमक्या त्या सीमारेषेवर तडे जातात. उताराच्या घरात तिरपा तडा दिसला की मी आधी विचारतो, भराव कुठून सुरू होतो?

भरावच करायचा नाही असं नाही, पण त्याची रीत आहे. वरची गवत-मुळांची माती पूर्ण काढावी लागते, नाहीतर ती कुजून भरावाखाली निसरडा थर तयार होतो. जगभर अनेक ठिकाणी आधार म्हणून घेतल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेत असं आहे की मूळ उतार १:५ पेक्षा (पाच आडवं, एक उभं) तीव्र असेल आणि भराव सुमारे दीड मीटरपेक्षा खोल असेल तर तो टाकण्याआधी त्यात पायऱ्या कापायच्या. भराव एका वेळी ३० सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांत टाकायचा आणि प्रत्येक थर प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत दाबायचा. कापलेला किंवा भरलेला उतार साधारणपणे दोनास एकपेक्षा (दोन आडवं, एक उभं) तीव्र ठेवायचा नाही. जास्त ठेवायचा असेल तर तज्ज्ञाच्या अहवालाने तो टिकतो हे दाखवायचं. जेसीबीने माती खाली लोटून वरून दोन फेऱ्या मारणं यात कुठेच बसत नाही.

असा सैल भराव काय करतो हे हाँगकाँगने दोनदा पाहिलं. १९७२ च्या जूनमध्ये मुसळधार पावसात साउ माउ पिंग इथला भराव वाहून वसाहतीवर आला, ७१ माणसं गेली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात दुसरा भराव सुटला, आणखी १८ गेली. चौकशीत दिसलं की माती न दाबता नुसती टाकली होती. पाणी शिरलं आणि ती चिखल होऊन धावली. त्यानंतर १९७७ मध्ये तिथे उतारांवरच्या कामांची तपासणी करणारं स्वतंत्र भू-तांत्रिक कार्यालय उभं राहिलं. तुमच्या नगररचना खात्याच्या अर्जावरचा "भरावाचा तपशील" हा रकाना कोणाच्या तरी हट्टातून आलेला नसतो, हे ध्यानात घ्या.

शेजाऱ्याच्या घराचं उत्तरही इथेच येतं. त्यांना परवानगी मिळाली तेव्हा बहुधा नियम वेगळा होता. शिवाय त्यांचं घर अजून उभं आहे यावरून एवढंच कळतं की अजून पुरेसा वाईट पाऊस आलेला नाही, किंवा त्यांच्या खालचा खडक तुमच्या खालच्या मातीपेक्षा चांगला आहे. यातलं काय खरं, ते बाहेरून सांगता येत नाही. नियमांनी फरक पडतो का, याचा एक जुना आणि बोलका हिशोब लॉस एंजेलिसचा आहे. त्या शहराने १९५२ मध्ये उतारावरच्या खोदाई-भरावाचे नियम केले आणि १९६३ मध्ये ते बरेच कडक केले. १९६९ च्या मोठ्या पावसानंतर नुकसान मोजलं, तेव्हा १९५२ पूर्वीच्या जागांपैकी सुमारे १० टक्क्यांना फटका बसला होता. १९५२ ते १९६२ मधल्या जागांत हे प्रमाण १.३ टक्क्यांवर आलं होतं आणि १९६३ नंतरच्या जागांत जवळपास ०.१५ टक्क्यांवर. शहर तेच, पाऊसही तोच. कोणी परवानगीच्या कटकटीबद्दल बोललं की मी हे आकडे सांगतो.

आता पाणी. उतारावरच्या घराच्या अडचणी पाहायला जा, बहुतेकांच्या मुळाशी पाणी निघतं, आणि अर्जात लोक सर्वांत कमी लक्ष त्याकडेच देतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. एक वरून होणारी धूप: पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो, पाणी पसरून वाहतं, मग बारीक चरे पडतात, चऱ्यांच्या घळी होतात. दुसरी आत मुरणाऱ्या पाण्याची: मातीचे कण एकमेकांवर दाबलेले असतात म्हणून माती जागेवर राहते. फटींतल्या पाण्याचा दाब वाढला की तो कणांना एकमेकांपासून सुटं करतो आणि अख्खा थर घसरू शकतो. पहिलीत माती हळूहळू जाते, दुसरीत एका रात्रीत.

धुपीचा हिशोब करताना पाच गोष्टी बघतात: पाऊस किती जोराचा, माती कुठली, उतार किती लांब आणि तीव्र, जमिनीवर आच्छादन काय, आणि पाणी अडवायचे उपाय काय. पाऊस आणि माती तुमच्या हातात नाहीत. आच्छादन पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि त्याचा परिणाम प्रचंड असतो. नांगरून उघडी ठेवलेल्या जमिनीचा आच्छादनाचा गुणक १ धरतात, दाट जंगलाखालच्या जमिनीचा हजारातल्या काही भागांइतका. म्हणजे झाडोरा खरवडून काढला की तीच माती, त्याच पावसात शेकडो पटींनी वाहू शकते. अनेक नियमांत म्हणूनच एका वेळी किती जागा उघडी करायची यावर मर्यादा असते, पावसाळ्यात खोदाई बंद असते, आणि उघड्या मातीवर गवत धरेपर्यंत पेंढा किंवा काथ्याच्या जाळ्या टाकाव्या लागतात. बारीक रेती आणि पोयटा सर्वांत लवकर वाहतात. चिकणमाती वरून कमी धुपते, पण आत पाणी धरून ठेवते आणि घसरायला तयार होते, त्यामुळे "आमची माती चिकट आहे, वाहत नाही" हे ऐकून मला दिलासा मिळत नाही.

घर आलं की हे पाणी वाढतं आणि एकवटतं. समजा छप्पर १५० चौरस मीटरचं आहे. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून १५,००० लिटर पाणी येतं. आधी ते सगळ्या जमिनीवर विखुरलं जायचं, आता पन्हळीतून दोन-चार नळ्यांनी एका जागी पडणार. ती जागा उताराच्या माथ्यावर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तिथे घळ दिसेल. शोषखड्ड्याचंही तसंच. घरातलं सांडपाणी वर्षभर, रोज, उताराच्या पोटात सोडायचं म्हणजे कोरड्या ऋतूतही ती जमीन ओली ठेवायची. बागेचं पाणी, टाकीची गळती, अंगणातल्या फरशीवरून येणारा लोंढा, सगळं त्यात मिळतं. तुमच्या आराखड्यात प्रत्येक थेंब कुठे जातो हे दाखवणारा एक वेगळा नकाशा असलाच पाहिजे, आणि ते पाणी शेवटी अशा नाल्यात किंवा पाइपात गेलं पाहिजे जो ते पेलू शकतो. पाण्याचा बाण शेजाऱ्याच्या कुंपणाशी संपत असलेला नकाशा मी तपासणीत नेहमी परत पाठवत असे.

संरक्षक भिंतीबद्दलही हेच. भिंतीमागे पाणी पूर्ण साचलं तर तिच्यावरचा दाब साधारण दुप्पट होतो, कधी त्याहून अधिक. मागे खडीचा थर, तळाशी छिद्रांचा पाइप आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं, हे नसेल तर भिंत कितीही जाड असो, भरवसा नाही. अनेक ठिकाणी चार फुटांपर्यंतच्या भिंतीला परवानगी लागत नाही, पण ती उंची पायाच्या तळापासून मोजतात, आणि मागे गाडी, घर किंवा दुसरी भिंत यांचा भार असेल तर सूट लागू होत नाही. चार-चार फुटांच्या दोन भिंती एकामागे एक चढवून सूट मिळवायचा प्रयत्न बरेच जण करतात. खालच्या भिंतीवर वरचीचा भार येतोच.

अंतराचा नियम तुमच्या कामाचा आहे, कारण त्यात थोडी जागा काढता येते. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे उतार ३३ टक्क्यांपेक्षा तीव्र असेल आणि त्याच्या खाली बांधत असाल तर घर पायथ्यापासून उताराच्या उंचीच्या निम्म्याइतकं दूर हवं, पण ४.६ मीटरपेक्षा जास्त लागत नाही. माथ्यावर बांधत असाल तर पायाच्या बाहेरच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर उंचीच्या एक तृतीयांश हवं, कमाल १२.२ मीटर. तुमच्या घराखाली ९ मीटर उंचीचा उतार असेल तर ३ मीटर. हे अंतर पायाच्या पातळीवर आडवं मोजतात. पाया जितका खोल न्याल तितका उतार तिथून लांब जातो. म्हणून घर सरकवायला जागा नसताना पाया खोल नेऊन, किंवा खडकापर्यंत खांब उतरवून अट पूर्ण करता येते. तुमच्या स्थानिक नियमात आकडे वेगळे असू शकतात, आणि माती सैल असेल तर मी स्वतः या किमान अंतरावर थांबत नाही.

अहवालावरचा खर्च पाण्यात जाईल का? दोन टप्प्यांत करा. आधी भू-तांत्रिक अभियंत्याला, आणि जमल्यास भूवैज्ञानिकाला, नुसती जागा दाखवायला बोलवा. माती तपासायला बोअर (खोल छिद्रं) घेण्याची घाई नको. जाणकार माणूस तासाभरात बरंच सांगतो: झाडांची खोडं बुंध्याशी वाकलेली आहेत का, जमीन उंचसखल लाटांसारखी आहे का, वरच्या अंगाला अर्धचंद्राकृती कडा किंवा भेगा आहेत का, मध्येच ओलसर पट्टा किंवा झरा आहे का, खडकाचे थर उताराच्याच दिशेने कललेले आहेत का. शेवटचं फार महत्त्वाचं. थर डोंगराच्या आत कललेले असतील तर कापलेला उतार बराच टिकतो. बाहेरच्या दिशेने कललेले असतील तर लहान कटाईही मोठा थर सोडवू शकते. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर मी मालकाला तिथेच सांगतो की पुढे पैसे घालू नका, दुसरी जागा बघा. हे ऐकणं कठीण असतं, तरीही सांगतो.

खुणा वाईट नसतील तर पूर्ण अहवाल करा. त्यात बोअर भरावाच्या आणि सैल मातीच्या खाली, टणक थरापर्यंत गेलेली असावी. उताराची स्थिरता कटाईच्या आधी, काम चालू असताना आणि घर बांधून झाल्यावर अशी तिन्ही वेळांची काढलेली असावी, कारण अपघात बरेचदा मधल्या टप्प्यात होतात. स्थिरतेचा गुणांक, म्हणजे घसरू न देणारी ताकद भागिले घसरवणारी ताकद, कायमच्या स्थितीसाठी १.५ ठेवण्याचा प्रघात आहे. तो आकडा वाचताना लगेच विचारा, यात भूजलपातळी कुठली धरली? कोरड्या महिन्यातली धरली असेल तर १.५ ला काही अर्थ नाही.

अहवालाने परवानगीची हमी मिळत नाही, पण तुमच्या अर्जाचा सूर बदलतो. सवलत मागताना अधिकारी सर्वप्रथम बघतात की प्लॉटमध्ये दुसरी सौम्य जागा होती का, आणि तुम्ही जमीन कमीत कमी हलवताय का. उताराबरोबर पायऱ्यांनी उतरणारं, खांबांवर उभं लहान घर इथे फार उपयोगी पडतं. आणि घराइतकाच गाडीचा रस्ताही बघा. मी पाहिलेल्या आराखड्यांत सर्वांत मोठी कटाई पुष्कळदा घरासाठी नसून गाडी दारापर्यंत आणण्यासाठी असते. गाडी खालीच लावून वर चालत जायची तयारी असेल तर अर्ध्या अडचणी नाहीशा होतात.

तेव्हा आत्ता करायचं काम एवढंच: नियमाचं ते कलम मिळवा, अर्ध्या किंवा एक मीटर फरकाचा कंटूर नकाशा मूळ जमिनीवर करून घ्या, त्यावर ३० टक्क्यांखालचे भाग रंगवा, आणि एका जोरदार पावसानंतर छत्री घेऊन प्लॉटवर जाऊन पाणी कुठून येतं, कुठे जातं याचे फोटो काढा. हे घेऊन अभियंत्याकडे गेलात तर पहिली भेट वाया जाणार नाही. घरासाठी विमा घेणार असाल तर जमीन सरकल्याचं नुकसान त्यात धरतात का, हेही प्लॉटवर पुढचा पैसा घालण्याआधी विचारून ठेवा, साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा वगळलेलं असतं. रंगवलेल्या नकाशावर सौम्य भाग घराएवढा निघाला आणि तो खालच्या तीव्र पट्ट्यापासून पुरेसा दूर असला, तर ३४ चा आकडा तुमच्या आड येईलच असं नाही.